क्लास लिहिता येतो, पण 'न्यू' नेमकं कुठे लिहायचं?

भाऊ, आधी तुझा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दुसरं कोणी वाचत असेल तर त्यालाही कळेल. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, जावाचं प्रॅक्टिकल, पाच विद्यार्थ्यांची नावं अन् रोल नंबर घ्यायचे आणि शेवटी यादी छापायची. तू स्टुडंट नावाचा क्लास लिहिला, पाचचा अ‍ॅरे बनवला, रन केलं तर नल पॉइंटर एक्सेप्शन. मग हॉस्टेलवरच्या मित्राने सांगितलं की लूपच्या वर एक न्यू स्टुडंट टाकून दे, ते टाकल्यावर एरर गेली पण आता पाचही जागी शेवटच्याच पोराचं नाव छापून येऊन राहिलं. त्यात सर म्हणतात जास्त ऑब्जेक्ट बनवू नका, मेमरी जाते. आणि शेवटी तू लिहिलंय की क्लास म्हणजे नकाशा अन् ऑब्जेक्ट म्हणजे घर हे व्हायवात धडाधड सांगता येतं, पण 'न्यू' कुठे लिहायचं ते काही कळत नाही.

सगळे उत्तर देतील की 'लूपच्या आत टाक'. बरोबरच आहे ते, पण तेवढं पाठ केलंस तर पुढच्या प्रॅक्टिकलला परत इथेच येशील. कारण ऑब्जेक्ट बनवायचा कसा हे तुला येतं, तुझी ओळ बरोबरच आहे. अडलंय ते हे की प्रोग्राम चालताना खरोखर किती ऑब्जेक्ट बनले, आणि तुझ्या हातातलं व्हेरिएबल त्यातल्या कोणत्या ऑब्जेक्टपर्यंत पोचवतं, याचा हिशेब तुझ्या डोक्यात नाही. तुला पाच स्टुडंट पाहिजे होते. पहिल्यांदा एकही बनला नाही, दुसऱ्यांदा एकच बनला. दोन्ही वेळची गडबड एकच. नकाशा-घराचं उदाहरण वाईट नाही, पण घरं किती बांधली अन् पत्ता कोणाकडे आहे हे ते सांगतच नाही, आणि कोड लिहिताना तेच लागतं.

एक आधीच सांगून ठेवतो, हे उत्तर भाषेवर अवलंबून आहे. मी खाली बोलतोय ते जावाबद्दल, सी प्लस प्लसमध्ये हेच चित्र बरंच वेगळं आहे अन् पायथनमध्ये अजून वेगळं, त्यांच्याकडे मधे मधे येतो. आणि कोड मी देवनागरीतच टाइप करतोय, मोबाइलवर आहे, दर ओळीला कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो.

आता ही ओळ बघ:

स्टुडंट एस = न्यू स्टुडंट();

ही एक ओळ दिसते पण यात तीन वेगवेगळी कामं आहेत. डावीकडे तू फक्त एस नावाचं व्हेरिएबल बनवलंस, ज्यात कुठल्यातरी स्टुडंटचा पत्ता ठेवता येतो. अजून स्टुडंट कुठेच नाही. उजवीकडे न्यू चालतं तेव्हा हीप नावाच्या मेमरीच्या भागात खरी जागा घेतली जाते, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा, त्यात सुरुवातीची माहिती भरणारा क्लासमधला कोड) चालतो, आणि बनलेल्या ऑब्जेक्टचा पत्ता परत मिळतो. बरोबरच्या चिन्हाने तो पत्ता एसमध्ये जातो. या पत्त्याला जावात रेफरन्स म्हणतात. म्हणजे जावात नुसतं 'स्टुडंट एस;' लिहिलं तर काहीही बनत नाही, आणि मेथडच्या आत असं लिहून पुढे एस वापरायला गेलास तर कंपाइलरच अडवतो की व्हेरिएबलमध्ये काही टाकलेलंच नाही.

मोबाइलमधल्या कॉन्टॅक्टसारखं समज. एकाच माणसाचा नंबर तू 'पक्या' नावाने पण सेव्ह केला अन् 'प्रकाश हॉस्टेल' नावाने पण. नावं दोन, माणूस एकच, कोणत्याही नावावर फोन लाव, उचलणार तोच. आणि नाव सेव्ह आहे पण नंबरच टाकला नाही, तर कॉल लावायला गेल्यावर काय होईल? तो नल. व्हेरिएबल म्हणजे कॉन्टॅक्ट, ऑब्जेक्ट म्हणजे माणूस.

आता तुझी पहिली एरर. तू लिहिलंस:

स्टुडंट[] यादी = न्यू स्टुडंट[५];

यात न्यू आहे, स्टुडंट आहे, पाच पण आहे, म्हणून वाटतं पाच स्टुडंट बनले. बनला फक्त अ‍ॅरे. तोही एक ऑब्जेक्टच आहे, पण तो पाच खणांचा अ‍ॅरे आहे, आणि प्रत्येक खणात स्टुडंटचा पत्ता मावतो. जावा नवीन मेमरी देताना ती पुसून देते, आकड्यांच्या जागी शून्य, बूलियनच्या जागी फॉल्स अन् रेफरन्सच्या जागी नल. त्यामुळे पाचही खणांत नल. मग तू यादी[०].नाव मध्ये काही भरायला गेलास, तिथे कोणी नाहीच, प्रोग्राम आपटला. इंटचा अ‍ॅरे असता तर हा त्रास झाला नसता, कारण इंटच्या अ‍ॅरेत आकडा स्वतःच खणात बसतो, पत्ता वगैरे भानगड नाही. काहून की आपण अ‍ॅरे शिकतो तोच मुळात इंटचा, तीच सवय पुढे नडते.

इथे एक कामाची गोष्ट. जावा १४ पासून (२०२० साली) नल पॉइंटरच्या मेसेजमध्ये नेमकं काय नल होतं ते सांगायची सोय आली आणि जावा १५ पासून ती आपोआप चालू असते. म्हणजे 'यादी[०] नल आहे म्हणून नाव वाचता येत नाही' अशा अर्थाचं स्पष्ट वाक्य येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये २०१४ चं जावा ८ टाकलेलं असेल तर हे दिसणार नाही, फक्त लाइन नंबर मिळेल. स्वतःच्या लॅपटॉपवर नवीन टाक, शिकणाऱ्याला तर नवीनच पाहिजे. बाकी ही नलची डोकेदुखी जावाची नाही, टोनी होअर या संगणकशास्त्रज्ञाने १९६५ साली अल्गोल डब्ल्यू नावाच्या भाषेत ती आणली आणि पुढे २००९ मध्ये स्वतःच जाहीरपणे तिला अब्ज डॉलरची चूक म्हटलं.

दुसरी गडबड, जी जास्त बेकार आहे कारण एररच येत नाही. मित्राच्या सांगण्यावरून तू लूपच्या वर एस = न्यू स्टुडंट() केलंस, लूपच्या आत एस.नाव मध्ये नवीन नाव टाकलंस, आणि यादी[आय] = एस केलंस. कागदावर चालवून बघ. न्यू एकदाच चाललं म्हणजे स्टुडंट एकच. पहिल्या फेरीत त्याचं नाव अमोल झालं अन् त्याचा पत्ता खण शून्यमध्ये गेला. दुसऱ्या फेरीत त्याच स्टुडंटचं नाव बदलून स्नेहा केलं, अन् तोच पत्ता खण एकमध्ये गेला. खण शून्यमधल्या अमोलचं काय झालं? अमोल राहिलाच नाही, तिथे पत्ता त्याच ऑब्जेक्टचा आहे आणि त्याचं नाव आता स्नेहा आहे. असं करत पाचव्या फेरीनंतर पाचही खणांत एकच पत्ता आणि नाव शेवटच्याचं. यादी[०] == यादी[१] छापून बघ, ट्रू येईल. हे == रेफरन्सवर वापरलं की विचारतं 'दोघं एकच ऑब्जेक्ट आहेत का', आतला मजकूर सारखा आहे का हे ते बघतच नाही. त्यासाठी इक्वल्स मेथड, अन् तीही आपल्या क्लासमध्ये आपणच लिहावी लागते.

आता तुझ्या मित्राला शिव्या घालू नको, माझा अंदाज आहे तो सी प्लस प्लसमध्ये चांगला असेल. कारण तिथे त्याची युक्ती खरंच चालते. सी प्लस प्लसमध्ये 'स्टुडंट एस;' एवढं लिहिलं की ऑब्जेक्ट बनून मोकळा, न्यू लागतच नाही, आणि पाचचा अ‍ॅरे डिक्लेअर केला की पाच खरे स्टुडंट बनतात, पाच वेळा कन्स्ट्रक्टर चालतो. आणि लूपच्या बाहेरचा एक एस भरून भरून व्हेक्टरमध्ये (लागेल तशी वाढणारी यादी) पुश बॅक केला, म्हणजे शेवटी जोडला, तर दर वेळी त्याची कॉपी आत जाते, पाच वेगळे स्टुडंट मिळतात. म्हणजे तू केलेल्या दोन्ही गोष्टी सी प्लस प्लसमध्ये बरोबर अन् जावात चूक. आपल्याकडे आधी सी, मग सी प्लस प्लस अन् मग जावा या क्रमाने जे पोट्टे येतात त्यांची ही गडबड दर बॅचला होते, मी शनिवार-रविवार शिकवतो त्यामुळे रोजचंच झालंय. दोन्ही भाषांच्या ओळी दिसायला इतक्या सारख्या आहेत की फरक डोळ्यांना दिसत नाही. फरक एवढाच: सी प्लस प्लसमध्ये व्हेरिएबल हाच ऑब्जेक्ट असतो, पॉइंटर किंवा रेफरन्स तू मुद्दाम मागितला तर गोष्ट वेगळी. जावात क्लासच्या टाइपचं व्हेरिएबल म्हणजे नेहमी पत्ताच, दुसरा पर्यायच नाही.

तिकडचीच एक गंमत सांगून टाकतो. सी प्लस प्लसमध्ये 'स्टुडंट एस();' असं रिकाम्या कंसासकट लिहिलं की ऑब्जेक्ट बनत नाही, कंपाइलर समजतो की एस नावाचं एक फंक्शन आहे जे स्टुडंट परत देतं. कंस काढ की झालं.

न्यू हा शब्द जावाने काढलेला नाही बरं का. नॉर्वेत ओले-योहान दाल अन् क्रिस्तेन नुगोर यांनी बनवलेल्या सिम्युला ६७ मध्ये क्लास होते, ऑब्जेक्ट होते अन् ते बनवायला न्यू हाच शब्द होता. सी प्लस प्लस बनवणाऱ्या स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सीमध्ये क्लास आणायचं काम सुरू केलं ते सिम्युला वापरून झाल्यावरच.

तर तुझा कोड असा व्हायला पाहिजे: अ‍ॅरे लूपच्या बाहेर एकदा. लूपच्या आत स्कॅनरने (कीबोर्डवरून वाचणारा जावाचा तयार क्लास) नाव अन् रोल नंबर घे, आणि मग

यादी[आय] = न्यू स्टुडंट(नाव, रोल);

पाच फेऱ्या, पाच वेळा न्यू, पाच स्टुडंट. एस नावाचं व्हेरिएबल तुला लूपच्या बाहेर डिक्लेअर करायचं असेल तर खुशाल कर, त्याने काही बिघडत नाही, न्यू तेवढं आत पाहिजे. कितीतरी जणांना वाटतं व्हेरिएबल कुठे आहे ते महत्त्वाचं, पण ऑब्जेक्ट बनतो न्यू चालतं तिथे, आणि जितक्या वेळा चालतं तितके.

आणि आता याचीच उलट बाजू. स्कॅनर पण ऑब्जेक्टच आहे, मग त्याचं न्यू पण आत टाकू का? नको. कीबोर्ड एक आहे, त्यातून वाचणारा एकच पुरतो. स्कॅनर पुढचं थोडं इनपुट आधीच ओढून स्वतःजवळ ठेवतो, त्यामुळे एकाच इनपुटवर दोन-तीन स्कॅनर बनवले तर एकाने ओढलेलं दुसऱ्याला मिळत नाही अन् फाइलमधून इनपुट दिलं की ओळी गायब झाल्यासारख्या वाटतात. म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये स्टुडंटचं न्यू आत अन् स्कॅनरचं बाहेर. नियम पाठ करायचा नाही म्हणालो तो यासाठी. खऱ्या जगात त्या वस्तू किती आहेत ते विचार, पोरं पाच, कीबोर्ड एक, आणि न्यू तितक्याच वेळा चालेल अशा जागी ठेव.

इथपर्यंतचं थोडक्यात: व्हेरिएबल वेगळं, ऑब्जेक्ट वेगळा. ऑब्जेक्टचा अ‍ॅरे बनवला म्हणजे ऑब्जेक्ट बनले नाहीत. आणि न्यू किती वेळा चाललं ते बोटांवर मोजायचं.

आता कन्स्ट्रक्टरकडे येऊ, कारण वर मी न्यू स्टुडंट(नाव, रोल) लिहून मोकळा झालो पण तू लिहायला बसलास की तिथे तीन खड्डे आहेत. पहिला: कन्स्ट्रक्टरच्या आत 'नाव = नाव' लिहिणं. पॅरामीटरचं (कंसातून आलेल्या माहितीचं) नाव अन् फील्डचं (ऑब्जेक्टच्या आतल्या व्हेरिएबलचं) नाव सारखं असलं की ही ओळ पॅरामीटरला पॅरामीटरच देते, फील्ड नलच राहतं, कंपाइलर एरर देत नाही. डावीकडे धिस (म्हणजे 'हाच ऑब्जेक्ट') लावायचं, धिस.नाव = नाव. दुसरा: कन्स्ट्रक्टरच्या आधी व्हॉइड लिहिणं. व्हॉइड लिहिलं की जावाच्या दृष्टीने ती क्लासच्याच नावाची एक साधी मेथड झाली, कन्स्ट्रक्टर नाहीच, अन् तीही बिनबोभाट कंपाइल होते. तिसरा: तू स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहिला की जावा जो रिकामा कन्स्ट्रक्टर फुकटात देत होती तो बंद होतो, त्यामुळे काल चालणारं न्यू स्टुडंट() आज एरर देतं आणि पोट्टे म्हणतात मी तर त्या ओळीला हातच लावला नाही. पाहिजे असेल तर रिकामा पण स्वतः लिही, पण माझं मत विचारशील तर लिहू नको, का ते सांगतो.

रिकामा कन्स्ट्रक्टर म्हणजे नाव नसलेला, रोल नंबर शून्य असलेला स्टुडंट बनवायची परवानगी. पाच पोरांच्या प्रॅक्टिकलमध्ये काही फरक पडत नाही. पण मी नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या अडत्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर केलंय, तिथलं सांगतो. तिथे लॉट नावाचा क्लास करावा असं कोणालाही पहिल्यांदा सुचतं: शेतकऱ्याचं नाव, वजन, बहार (फळ कोणत्या हंगामाचं ते), दर, घेणारा व्यापारी. आता सकाळी गाडी आली तेव्हा शेतकरी माहीत, माल माहीत, पण दर कुठे माहीत आहे? तो हर्रास झाल्यावर ठरणार, व्यापारी पण तेव्हाच ठरणार. मग ऑब्जेक्ट कधी बनवायचा? गाडी आल्यावर बनवला तर दर शून्य अन् व्यापारी नल ठेवून बनवावा लागतो, अन् मधल्या वेळात कोणी चुकून पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा विक्रीच्या हिशेबाचा कागद) छापायचं बटण दाबलं तर शेतकऱ्याच्या हातात शून्य रुपयांची पट्टी. मग प्रत्येक मेथडमध्ये 'दर आला का, व्यापारी आला का' अशा इफच्या माळा लागतात अन् एखादी कुठेतरी राहतेच.

यावर उपाय असा की ते मुळात दोन वेगळे क्लास आहेत. एक आवक, जी गाडी आल्यावर बनते अन् तिला शेतकरी, वजन, बहार एवढंच लागतं. दुसरा सौदा, जो हर्रास संपल्यावर बनतो अन् त्याच्या कन्स्ट्रक्टरला आवक, दर अन् व्यापारी तिन्ही द्यावेच लागतात. पट्टी छापायची मेथड फक्त सौद्यावर. आता दर नसलेली पट्टी छापताच येत नाही, कारण दर नसेल तर सौद्याचा ऑब्जेक्टच नाही. इफ एकही लागला नाही. म्हणजे न्यू कुठे लिहायचं याचं दुसरं अर्धं उत्तर हे: जिथे त्या ऑब्जेक्टला लागणारी सगळी माहिती पहिल्यांदा एकत्र हातात येते तिथे, त्याच्या आधी नाही. आणि काही माहिती कायम उशिराच येत असेल तर एकदा विचार कर की आपण दोन गोष्टींना एकाच क्लासमध्ये कोंबलंय का. अर्थात हे कामाच्या आकारावर आहे, तुझ्या प्रॅक्टिकलला दोन क्लास करत बसलास तर सर म्हणतील हे काय बे, आणि ते चुकीचे नसतील.

कन्स्ट्रक्टरमध्येच तपासणी पण करता येते. वजन शून्य किंवा मायनस आलं तर तिथेच एक्सेप्शन फेकायचं. कन्स्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर पडलं की न्यू काहीच परत देत नाही, बोलावणाऱ्याच्या हातात अर्धवट ऑब्जेक्ट येत नाही, हे भल्लं कामाचं आहे. नंतर सेटर (एकेक फील्ड भरणाऱ्या मेथड) लावून लावून भरायची पद्धत काही फ्रेमवर्कना लागते म्हणून राहते, नाही तं मी ती टाळतोच.

अजून एक, कन्स्ट्रक्टरला नाव देता येत नाही, त्याचं नाव क्लासचंच. मंडीत कोणी किलोत बोलतो, कोणी क्विंटलात, कोणी टनात. न्यू आवक(शेतकरी, १२) लिहिलं तर बारा काय? कंपाइलरला सगळे डबल (दशांश चालणारे आकडे) सारखेच. अशा वेळी क्लासच्या आतच दोन स्टॅटिक (ऑब्जेक्ट न बनवता क्लासच्या नावाने बोलावता येणाऱ्या) मेथड लिहायच्या, आवक.किलोतून अन् आवक.क्विंटलातून, दुसरी शंभराने गुणून आत न्यू करेल, आणि खरा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करून टाकायचा. बाहेरून आता कोणी न्यू लिहूच शकत नाही, नाव वाचूनच कळतं काय द्यायचं. यालाच लोक फॅक्टरी मेथड म्हणतात, शब्द मोठा आहे, काम एवढंच. आणि बहार? नागपुरी संत्र्याचे बहार मुख्यतः दोन, अंबिया अन् मृग. तिथे स्ट्रिंग ठेवली तर कोणी 'अंबीया' लिहील कोणी 'आंबिया', म्हणून ते इनम (ठरलेल्या मोजक्याच पर्यायांचा टाइप) करायचं. इनमचे ऑब्जेक्ट जावा स्वतः एकदाच बनवते, आख्ख्या प्रोग्राममध्ये अंबिया एकच अन् मृग एकच, तू इनमवर न्यू लिहिलंस तर कंपाइल होणार नाही. म्हणून इनमची तुलना == ने बिनधास्त करता येते.

तुझ्या सरांच्या मेमरीच्या मुद्द्याबद्दल. सर चूक नाहीत, पण तुझ्या प्रोग्रामला तो लागू नाही. नेहमीच्या ६४ बिट जावावर साध्या सेटिंगला रिकामा ऑब्जेक्ट १६ बाइट घेतो. तुझ्या स्टुडंटमध्ये नावाचा रेफरन्स, इंट रोल नंबर अन् डबल मार्क्स धरले तर ३२ बाइट, नावाची स्ट्रिंग वेगळी. साठ पोट्ट्यांची पूर्ण बॅच धरली तरी १,९२० बाइट, म्हणजे दोन केबी पण नाही. आणि जावात छोटा ऑब्जेक्ट बनवणं फार स्वस्त आहे, ज्याचा पत्ता कोणाकडेच राहिला नाही तो गार्बेज कलेक्टर उचलून नेतो. मेमरी खरी जाते ती लाखो ऑब्जेक्ट एखाद्या लिस्टमध्ये धरून ठेवले, सोडलेच नाहीत, तेव्हा. आणि महाग असतात ते ऑब्जेक्ट ज्यांच्या मागे दुसरं काही आहे, डेटाबेसचं कनेक्शन, थ्रेड, उघडलेली फाइल. डेटाबेसचं कनेक्शन दर रिक्वेस्टला नव्याने उघडणारा कोड दिसला तर तिथे नक्की ओरडायचं, म्हणून तर कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली, परत परत वापरायची कनेक्शन) वापरतात. पण पाच स्टुडंट वाचवायला एकच स्टुडंट पाच वेळा वापरणं म्हणजे तू आत्ता भोगतोयस तेच.

न्यू न लिहिता पण ऑब्जेक्ट बनतात, हे व्हायवात हमखास विचारतात म्हणून सांगतो. अवतरण चिन्हात स्ट्रिंग लिहिली की ती स्ट्रिंग पूलमध्ये बसते, तेच अक्षरशः दुसरीकडे लिहिलं तर तोच ऑब्जेक्ट मिळतो, पण न्यू स्ट्रिंग लिहिलं तर मुद्दाम वेगळा. इंटिजर टाइपच्या व्हेरिएबलला सरळ आकडा दिला तर −१२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट आधीच बनवून ठेवलेले असतात, त्यामुळे १२७ ची == ट्रू येते अन् १२८ ची साधारणपणे फॉल्स. हे कळलं म्हणजे रेफरन्स कळला.

पायथनवाल्यांसाठी पटकन. तिथे न्यू लिहायचं नाही, क्लासलाच फंक्शनसारखं बोलवायचं, स्टुडंट(नाव, रोल), आत आधी डबल अंडरस्कोरवालं न्यू ऑब्जेक्ट बनवतं मग इनिट (पायथनचा कन्स्ट्रक्टर समज) तो भरतं. व्हेरिएबल तिथेही पत्ताच, म्हणून तुझी लूपवाली गडबड पायथनच्या लिस्टमध्ये जशीच्या तशी होते. वरून तिथला स्वतःचा खड्डा: क्लासच्या अंगात, इनिटच्या बाहेर 'मार्क्स = []' लिहिलं तर ती लिस्ट सगळ्या ऑब्जेक्टना मिळून एकच, एकाचे मार्क्स टाकले की सगळ्यांना मिळतात. सेल्फ लावून इनिटमध्ये लिही.

शेवटचा भाग, न्यू लिहायचं कोणी? सध्या मेनमध्ये लिही, काही हरकत नाही. पुढे प्रोजेक्ट मोठा झाला की दिसेल की एखादा रिपोर्टचा क्लास स्वतःच्या पोटात न्यू करून डेटाबेसचा क्लास बनवतोय, अन् मग डेटाबेस नसताना रिपोर्ट टेस्टच करता येत नाही. तिथे तयार ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून बाहेरून द्यायचा. स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क हेच काम तुझ्यासाठी करतात, ऑब्जेक्ट तीच बनवतात अन् तीच एकमेकांना देतात, आणि स्प्रिंगमध्ये तू वेगळं सांगितलं नाहीस तर त्या प्रकारचा बीन (स्प्रिंगने बनवून सांभाळलेला ऑब्जेक्ट) एकच बनवून सगळ्यांना तोच वाटतात. म्हणजे तिथे स्टुडंटची माहिती बीनच्या फील्डमध्ये ठेवायला गेलास की परत तुझाच आजचा बग, फक्त या वेळी दोन वेगळ्या युजरचा डेटा एकमेकांत मिसळतो.

आता करायचं काय: कन्स्ट्रक्टरच्या पहिल्या ओळीला एक प्रिंट टाक, 'स्टुडंट बनला' एवढंच. रन कर अन् किती वेळा छापतं ते मोज. पाच आलं तर यादी बरोबर येईल. मग रोल नंबरने शोधायची मेथड लिही, ती सरांनी पुढच्या प्रॅक्टिकलला दिलेलीच असेल, आणि नसलेला रोल नंबर देऊन बघ. मेथड नल परत देईल अन् तू त्यावर डॉट लावून नाव छापायला जाशील. अडलं तर पूर्ण कोड अन् एररची पूर्ण ओळ टाइप करून टाक, स्क्रीनचा तिरपा काढलेला फोटो नको.